तळघरातली निकाली

काळुरामच्या व्हिडिओ पार्लरमध्ये रविवारी दुपारी दोन खेळ व्हायचे. पार्लर म्हणायचं आपलं. कोपर गावातून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची ती एक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे सुकी मासळी ठेवायचे, आणि पत्रा तापला की बोंबलांचा वास अजून भिंतींतून बाहेर यायचा. पुढे फळीवर रंगीत टीव्ही, खाली व्हीसीआर, मागे बाकडी, बाकड्यांवर न मावणारे जमिनीवर. दाराशी फळ्यावर खडूने सिनेमाचं नाव. ब्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात फळ्यावरच्या नावात खून, बदला आणि पाताळ असे तिन्ही शब्द होते. बनवणाऱ्याने हात सैल सोडला होता तो एवढ्या एकाच ठिकाणी.

कुंडलिक अशा जागी पाऊल टाकणारा माणूस नव्हता. गावच्या तालमीचा तो वस्ताद, आणि जत्रेच्या कुस्त्यांचा जुना पंच. पण त्या दिवशी सगळी आळी त्याला सांगून गेली, "वस्ताद, जगनचा पिक्चर लागलाय." जगन त्याचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून मातीत लोळलेला हा पोरगा तालीम सोडून सिनेमात फायटर झाला होता, म्हणजे हिरोच्या हातचा मार खायच्या रोजावर. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' एवढ्यावर आलं होतं. तरी बाप तो बाप. धुतलेला सदरा घालून कुंडलिक पुढच्या बाकड्यावर जाऊन बसला.

दाराशी पोस्टर होतं. रक्ताळलेले दोन पैलवान, भोवती आग, खाली लाल अक्षरं : 'जो हारा, वो ऊपर नहीं आया.' नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एक शेठ आपल्या बंगल्याखालच्या तळघरात चोरून मारामाऱ्या लावतो आणि हरलेल्याला तिथून जिवंत सोडत नाही, अशी गोष्ट. पण अर्धा वेळ शेठ खुर्चीत बसून सिगारेटच ओढत होता. मध्ये दोन नाच झाले, एका विनोदी नोकराने जीव नकोसा केला, तेव्हा कुठे तळघर आलं. आणि ते तरी कसलं! ठाण्याकडचं कुठलंतरी बंद गोदाम, वरच्या पत्र्याला भोकं, आणि भोकांतून जमिनीवर उन्हाचे कवडसे.

"तळघरात ऊन?" कुंडलिक मोठ्याने म्हणाला. "तळघरात ऊन कुठनं आलं रे? काय समजता काय माणसांना?"

मागची पोरं हसली. मग जगन आला. काळी बंडी, चिकटवलेली मिशी. समोर हिरो, पण हिरोची नुसती पाठ. ती पाठ बुक्का मारायची आणि मूठ पोचायच्या आधीच जगन उडायचा. टीव्हीतून ढिशूम आवाज यायचा तोवर हा पडूनही झालेला. शेवटी जगन तोंडावर पालथा पडला आणि सिनेमा पुन्हा शेठच्या सिगारेटकडे गेला.

कुंडलिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेरी पट, घिस्सा, ढाक, असे सगळे डाव त्याने स्वतः शिकवलेलं पोर, आणि वाऱ्याने पडावं तसं पडत होतं. ही तर नुरा कुस्ती. दोघांनी आधी ठरवून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची!

जत्रेत नुरा कुस्ती दिसली की त्यांच्या गावकीचा रिवाज ठरलेला होता. पंचाने उठायचं, मूठभर माती आखाड्यात फेकायची आणि म्हणायचं, निकाली करा. मग एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती सुटत नसे. ती सोडवायची तर ज्याने निकाली सांगितली त्याच पंचाने दोघांचे हात धरून वर करायचे आणि बरोबरी पुकारायची. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नव्हता.

कुंडलिक उठला. शेडच्या जमिनीवरची धूळ मुठीत घेतली आणि टीव्हीच्या काचेवर फेकली.

"निकाली करा!"

पार्लर हसून लोटपोट झालं. काळुराम फडकं घेऊन काच पुसायला धावला. कुंडलिक पुढचं काही न बघता बाहेर पडला.

त्या संध्याकाळी जगन घरी आल्यावर कुंडलिकने अबोला मोडला, तो भांडायलाच.

"लाज नाय वाटत? मूठ कुठं, तू कुठं!"

"समोर कोण होतं, मूठ लागायला?" जगन शर्ट काढत म्हणाला. "हिरोची तारीखच नव्हती मिळाली. कंपनीकडे पैसे नाय. मी एकटाच दिवसभर हवेत उड्या मारत होतो. पुढचं त्यांनी नंतर जोडलं."

"मग ती पाठ कोणाची?"

"असेल कोणीतरी डुप्लिकेट. मी नाय बघितला."

"आणि पालथा काय पडतोस बाईलबुद्ध्या? पैलवान पडला तर उताणा पडतो."

"तोंड दिसायला नको म्हणून. पुढे दोन सीनमध्ये मीच आहे ना, वेगळ्या मिशा लावून. माणसं कमी होती, बाबा."

कुंडलिकची बायको चंद्रभागा चुलीपाशी तोंड फिरवून हसली. कुंडलिकला हसू आलं नाही. अख्खा एक माणूस हवेशी लढतो आणि लोक त्याचं तिकीट काढतात, या गोष्टीचा त्याला दोन दिवस संताप येत राहिला.

पुढच्या रविवारी काळुरामच त्याला बोलवायला आला. "वस्ताद, चला. तुम्ही त्या दिवशी शिव्या घातल्यात ना? फाईट बघा आता."

"दुसरी कॅसेट आणलीस?"

"तीच आहे," काळुराम म्हणाला, आणि उगाचच मान खाजवत राहिला.

शेठ, सिगारेट, नाच, नोकर, सगळं तसंच होतं. पोरं पहिल्यासारखीच शिट्या मारत होती. तळघर आलं तशी मात्र गप्प झाली. पत्र्याची भोकं होती, कवडसेही होते, पण कवडशांखाली आता सिमेंटऐवजी लाल माती दिसत होती. जगनने वाकून ती उचलली, कपाळाला लावली, मग दोन्ही कानांच्या पाळ्यांना. पाळ्यांना माती लावायची पद्धत एकट्या कुंडलिकच्या तालमीची होती. मग त्याने चिमूटभर माती समोरच्याच्या तळहातावर ठेवली. समोरच्यानेही त्याच्या तळहातावर ठेवली. आखाड्यात दोघांनी एकमेकांना माती दिली की कुस्ती लागते.

ढिशूम आवाज आला नाही. आला तो ओल्या मातीवर थाप मारल्यासारखा, जाड आणि आखूड. कुंडलिकने जन्मभर ऐकलेला आवाज. जगनने पट काढला, समोरच्याने तो मोडला, घिस्सा मारून त्याला खाली आणला. पाठ तीच होती, रुंद, मानेवर घडी पडलेली. तोंड एकदाही दिसलं नाही. जगन पालथा पडला आणि सिनेमा शेठकडे गेला.

खरं सांगायचं तर कुंडलिकची छाती फुगली. शेडमध्ये बोंबलांच्या वासावर तेल, ताक आणि हळद घातलेल्या आखाड्याच्या मातीचा वास चढला होता, तो आधी त्याच्या नाकात गेला आणि मग ध्यानात आला. लाज राखली पोराने, असं मनाशी म्हणत तो घरी निघाला.

घरी चंद्रभागा जगनच्या बरगड्या मिठाच्या पुरचुंडीने शेकत होती. बाजू काळीनिळी झाली होती.

"कुठं पडलास?"

"कुठंच नाय. झोपलेलो दुपारचा." जगनने वर बघितलं नाही. "बाबा, त्या पाठीला चेहरा आहे का हो?"

 कुंडलिकने पोराचा कान पुढे दुमडून पाळी पाहिली. पाळीच्या मागे लाल माती वाळली होती.

तो तसाच माघारी काळुरामकडे गेला. कॅसेट काढ म्हणाला, फोडून टाक म्हणाला. काळुराम पडेल आवाजात म्हणाला, "माझी एक फोडून काय होणार? केबलवाल्याने नेऊन कॉपी मारलीय. रोज दुपारी लावतो. लोकच मागतात, वस्ताद. फाईट वाढत चाललीय."

"वाढत म्हणजे?"

"म्हणजे तो पडतो. पण संपत नाय. परत उठवतात त्याला."

संपणार कशी? कुंडलिक रस्त्यातच उभा राहिला. पाठ मातीला लागल्याशिवाय निकाल नाही, आणि कंपनीने दोन माणसांचा रोज वाचवायला पोराला पालथं पडायला शिकवलेलं. पाठ लागली तर निकाल. पण निकाल लागला की हरलेला वर येत नाही. पोस्टरवर लाल अक्षरांत लिहिलंच होतं. त्या भिकार कंपनीवर, त्या शेठवर, तळघरात ऊन पाडणाऱ्या त्या गाढवावर त्याला राग आला. मग आठवलं, निकाली कंपनीने नव्हती सांगितली. सांगणारा तोच होता.

मधल्या दिवसांत जगन कामाला गेला नाही. दुपार झाली की अंग धरून पडून राहायचा. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि कुठे मारामारी करतोस म्हणून रागे भरले. कुंडलिक केबलवाल्याच्या दारी गेला, हात जोडले. केबलवाला म्हणाला, "काका, मी बंद केला की लोक वायर तोडायला येतात."

रविवारी कुंडलिक पार्लरात गेला तेव्हा खेळ सुरू होता. बाकड्यांवर जागा नव्हती. शेठ, नाच, नोकर काही नव्हतंच आता. नुसतं तळघर.

जगन गुडघ्यांवर होता. बंडी फाटलेली, चिकटवलेली मिशी ओठावरून लोंबत होती. ती पाठ त्याच्यावर वाकलेली होती.

कुंडलिक टीव्हीसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"बरोबरी! बरोबरीत सुटली!"

पाठ थांबली. मान किंचित वळली, कान दिसेल एवढीच.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, बाजूला व्हा!" आणि मग सगळी शेड, त्याच्याच तोंडून शिकलेला शब्द, एका सुरात ओरडू लागली.

"निकाली! निकाली!"

पाठ पुन्हा वाकली.

कुंडलिकने वायर उपटली. काच काळी झाली. पण आवाज थांबला नाही. तो जाड, आखूड आवाज आता बाहेरून येत होता, आळीतल्या घराघरातून.

तो धावत सुटला. प्रत्येक खिडकीत तेच चालू होतं.

जगन पडवीत गोधडीवर पालथा पडला होता. डोळे मिटलेले. शेजारच्या टीव्हीवर थाप पडली की त्याचं अंग हलायचं. चंद्रभागा उशाशी बसली होती.

"उताणा हो म्हटलं तर होत नाय," ती म्हणाली. "बोलतो, पाठ टेकली की संपलो."

कुंडलिक बसला. जगनचा उजवा हात हातात घेतला आणि वर केला.

"बरोबरीत सुटली."

शेजारी थाप पडली. जगन कण्हला.

"अहो, दोघांचे हात धरतात ना?" चंद्रभागा हळू म्हणाली. पंचाच्या घरात तिचा जन्म गेला होता. "एकाच्या हाताने बरोबरी कशी होईल?"

पडवीच्या पत्र्याला भोकं होती. जमिनीवर कवडसे पडले होते. कुंडलिकने डावा हात त्या उन्हात पुढे केला आणि पंजा उघडला.

वाट बघावी लागली नाही. त्या पंजात एक पंजा आला. रुंद, घामाने ओला, ऊबदार.

चंद्रभागा मागे सरकत भिंतीला टेकली.

"बरोबरी," कुंडलिक म्हणाला.  आणि दोन्ही हात उचलू लागला.

शेजारचा टीव्ही गप्प झाला. जगनचा हात सहज वर आला. त्याने मोठा श्वास सोडला, कुशीवर वळला, मग लहानपणी झोपायचा तसा उताणा झाला आणि शांत झोपी गेला.

दुसरा हात वर आला नाही. तो खालीच राहिला, घाई नसल्यासारखा. मग त्याने कुंडलिकचा पंजा नीट उघडला आणि त्याच्या तळहातावर चिमूटभर लाल माती ठेवली.