कस्तुराची शीळ कोणाची?

"ही चित्रफीत मी रोखली आहे," दक्ष म्हणाला, तेव्हा प्रक्षेपणाला जेमतेम अर्धा तास उरला होता.

दक्ष हा चांद्रवस्तीच्या प्रक्षेपण केंद्रातला यंत्रमानव. प्रत्येक कार्यक्रम तो तपासूनच पुढे सोडत असे. समोर बारा वर्षांची इरावती उभी होती. चंद्रावर जन्मलेल्या, पाखराचा आवाज कधीही न ऐकलेल्या मुलांसाठी तिने ही चित्रफीत केली होती.

"यात कस्तुर पाखराची शीळ आहे. तिचं ध्वनिमुद्रण पृथ्वीवरच्या श्रीधर टिपणीस यांचं. त्यांची परवानगी दिसत नाही," दक्ष म्हणाला.

"शीळ पाखराची आहे. टिपणीसांची कशी?" इरावतीने शेजारी उभ्या वासंतीआत्याकडे पाहिलं. आत्या ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारी) होती.

"शीळ पाखराचीच," आत्या म्हणाली. "कोणीही रानात जाऊन ती टिपावी. पण टिपणीसांनी जागा शोधली, ओढ्याचा आवाज किती येऊ द्यायचा ते ठरवलं. त्या ध्वनिमुद्रणावर त्यांचा प्रताधिकार (आपली निर्मिती कोणी, कशी वापरावी हे ठरवण्याचा हक्क) आहे."

"मी त्यांचं नाव दिलंय की."

"नाव देणं वेगळं आणि विचारणं वेगळं."

इरावतीने घाईघाईने पृथ्वीवर टिपणीसांना निरोप धाडला. तो सव्वा सेकंदात पोचला, पण उत्तर येईना. सभागृहात मुलं येऊन बसू लागली होती.

"सगळंच काढून टाकू का?" तिने आत्याला विचारलं.

"थांब. न्याय्य वापर (शिकवण्यासाठी किंवा समीक्षेसाठी, परवानगीशिवाय, गरजेपुरता घेतलेला अंश) असतोच. तू शीळ कशासाठी घेतलीस?"

"चांगली वाटते म्हणून. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे वाजतेय."

"म्हणजे सजावटीसाठी, आणि तीही अख्खी. मग मूळ ध्वनिमुद्रण कोणी कशाला शोधेल?"

इरावती हळूच म्हणाली, "ती माणसाच्या शिळेसारखी का वाटते, हे मी एका ठिकाणी समजावते. तेवढ्यापुरतीच ठेवली तर?"

दक्षच्या छातीवरचा, तपासणी चालू असल्याचा दिवा पिवळाच राहिला. "हेतू शिकवण्याचा. अंश छोटा. मूळ निर्मितीचं नुकसान नाही. याला ठरलेलं माप नसतं, दर वेळी तोलावं लागतं." आणि दिवा हिरवा झाला.

इरावतीने बाकीची शीळ काढली. तिथे नुसती शांतता उरली.

सभागृहात छोटीशी शीळ वाजली आणि थांबली. त्या शांततेत एका मुलीने तोंडाने शीळ घालून पाहिली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळं सभागृह शीळ घालू लागलं.

इरावतीने त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण टिपणीसांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "रानात होतो, उशीर झाला. पूर्ण शीळ शाळेत खुशाल वापर. आणि तुमच्या मुलांची शीळ मला माझ्या संग्रहात घ्यायची आहे. परवानगी देशील?"

ती 'हो' म्हणणार, तोच थबकली. शीळ तिच्या एकटीची नव्हती.

"दक्ष, त्यांना म्हणावं, जरा थांबा," ती म्हणाली आणि सगळ्यांना विचारायला वर्गाकडे धावली.