खारूताई अडकते

चांद्रतळावरच्या प्रयोगशाळेत शार्दूल निमकर टेबलावरच्या एकपाटी संगणकाकडे, खोटं बोलणाऱ्या भाच्याकडे मामाने बघावं तसा बघत होता. पत्त्यांच्या कॅटाएवढी ती पाटी, तिच्यावर चार-दोन चिपा आणि कडेला खोचलेलं नखाएवढं कार्ड. शेजारच्या पडद्यावर एक खार नारळाच्या झाडावर चढत होती. सकाळपासून चढत होती आणि एकदाही अडकली नव्हती.

"आणि काल विभाच्या हातात चारदा अडकलीस," तो तिला म्हणाला. खार चढतच राहिली.

विभा म्हणजे विभावरी, त्याची बायको. चंद्रावरच्या खडकांची अभ्यासक, आणि आता चंद्रावर बाळंत होणारी पहिली बाई. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कळलं तेव्हा परतीचं यान नुकतंच गेलं होतं, आणि पुढच्या यानाचे धक्के पोटुशीला सोसणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळंतपण इथेच करायचं ठरलं. तिचं खडक शोधत बाहेर हिंडणं बंद झालं आणि तिला तळावरची सर्वांत खोल, सर्वांत सुरक्षित खोली मिळाली.

आणि मग डोहाळे लागले. बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात. विभाला लागली खारूताई. वेंगुर्ल्याला मामाच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत ती जुन्या टीव्हीला जोडून खेळायची तो बिननावाचा खेळ. पृथ्वीवरून खेळाची प्रत मागवणं सोपं होतं. तो चालवायला यंत्र मात्र नव्हतं. शार्दूलने अडगळीतली एक पाटी काढली आणि तिच्यावर जुन्या खेळयंत्राची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम बसवला. त्या कार्यक्रमाला तो 'नकल्या' म्हणायचा. खेळ जिथे सोडला तिथूनच पुढे सुरू व्हावा म्हणून नकल्या दर थोड्या वेळाने स्मृतीतलं सगळं कार्डावर उतरवून ठेवी. छोटा पडदा आणि बटणं त्याने पाटीलाच जोडून दिली. विभा ते सगळं पोटावर ठेवून पडल्या पडल्या खेळे.

पहिला महिना बरा गेला. मग खारूताई अडकायला लागली. चढता चढता मध्येच थिजायची, एक पंजा वर, शेपटी ताठ, आणि संगीताचा एकच सूर कानात भुंग्यासारखा घुमत राहायचा. बंद करून पुन्हा चालू केलं की सुरळीत व्हायची.

शार्दूलने आधी विजेचा पुरवठा बदलला. मग पाटी तापत असेल म्हणून तिच्यावर उष्णता शोषणारी पन्हळी पट्टी बसवली. मग कार्ड बदललं. मग नकल्याच बदलला. साप साप म्हणून तो नुसती भुई धोपटत होता. प्रयोगशाळेत पाटी दिवस दिवस चालायची आणि खोलीत नेली की अडकायची.

त्या संध्याकाळी त्याने ती खोलीत आणून भिंतीवरच्या फळीवर ठेवली आणि स्वतः खेळला. काही झालं नाही. विभाने ती उचलून पोटावर ठेवली आणि थोड्याच वेळात ओरडली, "अरे, गेली बघ परत!"

"तू काहीतरी दाबतेस."

"काय दाबते? तुझ्या हातात शहाण्यासारखी वागते आणि माझ्या हातात हिला धाड भरते. पोट जसं वाढतंय तसं हिचं अडकणंही वाढतंय." ती हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. "ह्यालाच खेळायचं असेल. मध्ये हात घालत असेल."

"विभा, काहीतरीच बोलू नकोस."

"बरं, आणि तो सूर? खारूताई फांदीवरून उडी मारते तेव्हाचा. मामाकडे तो वर जायचा. आता खाली येतो."

"तुला सहाव्या वर्षी ऐकलेला सूर आठवतोय?"

"आठवतोय. आणि ह्याला तो खालचाच आवडतो. बघ." तिने पाटी बंद करून पुन्हा चालू केली. खारीने उडी मारली, सूर खाली आला, आणि पाटी पोटावर टुणकन उडाली. आतून लाथ बसली होती. शार्दूलला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. अडकलेल्या क्षणी पाटीच्या स्मृतीत काय होतं ते मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. हजारो आकडे जसेच्या तसे होते. मध्येच कुठेतरी एका जागी शून्याचा एक झाला होता. दुसरीकडे कुठेतरी एकाचं शून्य. चूक कार्यक्रमाची असती तर दर वेळी एकाच ठिकाणी सापडली असती. ही कुठेही सापडत होती. तो तडक डॉक्टर सुमती काणेकरांकडे गेला. तळावरच्या किरणांचा हिशेबही त्यांच्याकडेच होता. साठीच्या बाई, बोलायला फटकळ, पण विभाच्या डोहाळजेवणाला त्यांनी पिठल्याच्या वड्या स्वतः थापल्या होत्या.

त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"हे न्यूट्रॉनचं काम आहे. आकाशातून येणारे किरण कशावर तरी आपटले की न्यूट्रॉन उडतात. वेगात असले की ते तुझ्या चिपेतून आरपार जातात, तिला पत्ताही लागत नाही. पण मंदावले की गोष्ट वेगळी. या जुन्या चिपांमध्ये थोडं बोरॉन असतं आणि मंद न्यूट्रॉन त्याला बरोबर सापडतो. आत बारीकसा स्फोट होतो आणि एक आकडा उलटतो."

"पण मग फळीवर का नाही उलटत?"

"न्यूट्रॉनला मंद कोण करतं? हायड्रोजन. म्हणजे पाणी." त्या थांबल्या. "माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. न्यूट्रॉन अंगात शिरतात, आत धडका घेत मंदावतात आणि त्यातले काही परत बाहेर येतात. बाहेर पोटावर तुझी पाटी ठेवलेली असते."

शार्दूलला समजलं. पोट वाढलं तसं पोटातलं पाणी वाढलं. पाटी बिघडली नव्हतीच. ती इतके दिवस विभाच्या अंगातून परत येणारे न्यूट्रॉन मोजत होती.

"मॅडम, खोलीत किरणमापक आहे. तो ठीक दाखवतो."

"तो विद्युतभार असलेले कण मोजतो. न्यूट्रॉनला भार नसतो. न्यूट्रॉनमापक आहे बाहेर बोळात, भिंतीत पक्का बसवलेला. आणि विभाचा अंगावर लावायचा, किरण मोजणारा बिल्ला कुठाय?"

बिल्ला तिच्या बाहेर जायच्या पोशाखाला लावलेला होता, आणि पोशाख कित्येक महिने खुंटीवर होता. ती बाहेर जातच नव्हती. मग बिल्ला कशाला लावायचा? कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

शार्दूल आणि काणेकरांनी विभाला प्रयोगशाळेत बसवलं आणि तिच्या पोटाऐवजी पाण्याची एक मोठी पिशवी घेतली. पाटी तिच्यावर ठेवून दोघं तळभर हिंडले. स्वयंपाकघरात खारूताई चढत राहिली. बोळात चढत राहिली, काणेकरांच्या खोलीतही. मग विभाच्या खोलीत पिशवी पलंगावर ठेवली. थोडा वेळ गेला, आणि खार एक पंजा वर करून थिजली.

"फक्त इथेच," काणेकर म्हणाल्या. "सगळ्यात खोल खोलीत. डोक्यावर सगळ्यात जास्त माती. कसं शक्य आहे? या छताच्या वर काय आहे?"

शार्दूलने छताकडे पाहिलं. "वर माळा आहे. देखभालीचा."

"माळ्यात काय आहे?"

"मीच ठेवलंय." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "विभाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा. जुन्या यानांचा तोल साधायच्या टंगस्टनच्या लाद्या पडून होत्या. शिशाहून जड. म्हटलं, तिच्या डोक्यावर चिलखत होईल. जितकं जड तितकं चांगलं, असं वाटलं."

काणेकरांनी रागवावं असं त्याला फार वाटत होतं.

"माती पार करून आलेला कण विभाच्या अंगातून एकटाच निघून गेला असता," त्या हळू म्हणाल्या. "जड धातूवर तो आपटला की त्याचे वीस न्यूट्रॉन होतात. भरल्या मडक्यावर दगड मारल्यासारखं. आणि लाद्या बरोबर पलंगाच्या वर आहेत."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे शार्दूल आयुष्यभर दुसऱ्यांना चिडवायला म्हणत आला होता. आता ते त्याला स्वतःलाच लागू पडत होतं. आपण आपल्याच लेकरावर हे ओतत होतो, आणि ते सांगणाऱ्या यंत्राला दुरुस्त करत होतो.

"किती नुकसान झालं असेल?"

"मोठ्या माणसाचं विशेष नाही. बाळाचं..." त्यांनी पाटी हातात घेतली. "अडकणं हे उपकार समज, शार्दूल. आकडा महत्त्वाच्या जागी उलटला की यंत्र थांबतं, म्हणून आपल्याला कळतं. बहुतेक वेळा तो कुठेतरी बिनमहत्त्वाच्या जागी उलटतो आणि यंत्र पुढे चालत राहतं. उलटलेलंच खरं मानून."

त्याच दिवशी विभाचा पलंग पाण्याच्या टाक्यांमधल्या साठवणखोलीत हलवला. चारी बाजूंनी आणि वर भरपूर पाणी, न्यूट्रॉनला मंदावून शेवटी गिळून टाकणारं. शार्दूलने तिला सगळं सांगितलं, लाद्यांसकट. ती रडली, मग त्याचा हात धरून बसली, मग पुन्हा रडली. काणेकरांनी तपासलं. ठोके ठीक, वाढ ठीक, हालचाल ठीक. मोजता येईल ते सगळं ठीक होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "खारूताई आण. इथे अडकते का बघू."

पाटी पोटावर ठेवली. खार चढू लागली. दोघं श्वास रोखून बघत होते. खार फांदीवर पोचली, तिने उडी मारली, सूर खाली आला आणि आतून लाथ बसली. विभाने डोळे पुसले.

"तो सूर," शार्दूल म्हणाला. "तू बरोबर होतीस. तिथलाही आकडा उलटलाय. नकल्याने तो तसाच कार्डावर उतरवला, आणि मी कार्ड बदललं तेव्हा मीच तो नव्या कार्डावर नेला. थांब, मूळ प्रत लावतो. मामाकडे होती तशी."

त्याने दुसऱ्या कार्डावरून मूळ प्रत लावली. खारीने उडी मारली आणि सूर वर गेला, वेंगुर्ल्याला जायचा तसा. पोट स्थिर राहिलं. पुन्हा उडी. पुन्हा सूर वर. विभाने पोटावर तळवा टेकला. काही नाही. तिसऱ्यांदाही काही नाही.

"झोपलं असेल," शार्दूल म्हणाला.

"जुनं लाव."

त्याने मघाचं कार्ड परत घातलं. सूर खाली आला. लाथ इतक्या जोरात बसली की पाटी तिच्या हातून निसटली.

विभाने ती सावरून पुन्हा पोटावर ठेवली.

"ह्याला हाच बरोबर वाटतो रे," ती म्हणाली. "ह्याने दुसरा ऐकलाच कुठे आहे?" मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आणखी काय काय असंच बरोबर धरून बसलं असेल ते आत?"

पाण्याच्या टाक्यांमधून बारीक गुरगुर येत होती. पडद्यावर खारूताई वर चढत राहिली आणि कुठेही अडकली नाही.