किती देऊ, साहेब?

कंदील जरा जवळ घ्या रे पोरांनो. ही गोष्ट सुमित्राबाई नर्सची. माझी सख्खी मावशी ती. मरेपर्यंत तिनं ती एकदाही बदलून सांगितली नाही, म्हणून मीही एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही.

साल एकोणीसशे अडतीस. दरेकशाच्या अलीकडं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात लहानसा दवाखाना होता. गुलाबचंद डॉक्टर आणि मावशी, दोघांवरच सारा कारभार. तो तपासायचा, मलमपट्टी, बाळंतपणं, औषधं तिच्याकडं. डॉक्टर हुशार होता. पण आपलं चुकलं, हे त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

कार्तिक वद्य चतुर्दशी. नुकती दिवेलागण झाली होती. टोल्यावरचा, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरचा, लालसिंग धापा टाकत आला. त्याच्या दोन वर्षांच्या लेकराला सकाळपासून हगवण लागली होती. निरोप देऊन तो आल्या पावली पायवाटेनं परत पळाला. गाडीवान कवडूनं बैलगाडी जुंपली, डॉक्टर आणि मावशी बसले.

वाटेत मावशीनं सहज विचारलं, "साहेब, माझ्या आधी बायजाबाई होती म्हनतात. तिचं नेमकं काय चुकलं?"

"त्याच टोल्यावर एक लेकरू मारलं तिनं," डॉक्टर म्हणाला. "हगवणीवर अफूचा अर्क थेंबांनी द्यायचा असतो. तिनं चमचाभर पाजला. मला न विचारता."

पुढं बसलेला कवडू बैलांशी बोलल्यासारखा बोलला, "न इचारता कायले देईन? मोठी जपून काम करे ती बाई."

"गाडी हाक," डॉक्टर गुरकावला.

बाकीचं मावशीनं गावात ऐकलं होतं. त्या लेकरानंतर बायजाबाईला आणि तिच्या भावाला लोकांनी वाळीत टाकलं. भादव्यात तिला हिवताप भरला. थरथरत ती रात्री कुनैन मागायला दवाखान्याच्या दाराशी आली. डॉक्टर आतच राहायचा. दार काही उघडलं नाही. सकाळी ती पायरीवरच मरून पडलेली सापडली.

टोला आला. झोपडीत चुलीवर पाणी उकळत होतं. लेकराच्या उशाशी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई बसलेली. पदर पुढं ओढलेला. तिनं फडकी धुऊन नीट मांडून ठेवली होती. घरचीच कोणी असेल, असं मावशीला वाटलं. तिला बरंच वाटलं.

लालसिंगची बायको मावशीच्या कानाशी लागली. "बाई, तुमी दुसऱ्या नर्सले आधीच पाठवलं, लय बेस केलं."

"आमी? आमी तं कोनालेच नाही पाठवलं."

डॉक्टर वाकून लेकराचं पोट दाबून पाहत होता. त्या बाईनं त्याची पेटी उघडली होती. एका हातात अफूच्या अर्काची बाटली. दुसऱ्या हातात चमचा.

"किती देऊ, साहेब?"

"दोन थेंब." डॉक्टरनं मान वर केली नाही.

"त्या दिवशी चमचाभर म्हनलं होतं."

डॉक्टरचा हात लेकराच्या पोटावर तसाच थांबला. चुलीत जाळ होता, पण त्याचा आवाज नव्हता. बाहेर बैलांची घुंगरं वाजत होती. तीही थांबली.

"मी इचारलं होतं, साहेब. दोनदा इचारलं होतं."

तिनं बाटलीचं बूच काढलं.

"किती देऊ?"

...

"किती?"

त्याचे ओठ हलले. "च... चमचाभर."

"लेकराले नाही," ती म्हणाली. "तुमाले."

मावशी ओरडायला गेली. घशातून आवाज निघेना. पाय उचलेना. डॉक्टरनं तोंड उघडलं. लहान पोर उघडतं ना, तसं. एक चमचा. दुसरा. तिसरा... बाटली संपली.

मग ती मावशीकडं वळली. पदराआड चेहरा दिसला नाही.

"बाई, लेकराले पेजंचं पानी पाज. मीठ टाकून. घोट घोट. रातभर."

दार लोटलेलं होतं. ते हललं नाही. पण बाई तिथं नव्हती.

मावशीचे पाय सुटले. तिनं लेकराच्या आईला पेज करायला लावलं आणि स्वतः डॉक्टरकडं धावली. मिठाचं पाणी पाजून ओकवायला पाहिलं. कवडू आणि लालसिंगनं दोन बाजूंनी धरून त्याला अंगणात चालवलं. गालावर चापट्या मारल्या. त्याची मान पुन्हा पुन्हा कलंडायची. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

पहाटे त्यानं एकदाच डोळे उघडले. अगदी स्पष्ट बोलला.

"तिनं विचारलं होतं. मीच म्हणालो, चमचाभर दे... आणि तिनं दार ठोकलं, तेव्हा मी जागा होतो."

तिघांनीही ऐकलं. मग तो झोपला. पुन्हा उठला नाही.

लेकरू वाचलं. उजाडताच ते पेजेसाठी रडायला लागलं. मावशीनं गावात जाऊन, चावडीसमोर उभं राहून सारं सांगितलं. कवडूनं आणि लालसिंगनं साक्ष दिली. लोकांनी बायजाबाईच्या भावाला बोलावणं धाडलं आणि आपल्या पंगतीत बसवलं. मेलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, असं मावशी म्हणायची. पण तिच्या नावावरचा डाग धुतला गेला.

दुपारी डॉक्टरला आंघोळ घालताना कवडूनं मावशीला हाक मारली. त्याचा स्वर तिला ओळखू येईना.

अंग थंडगार. लाकडासारखं ताठ. उजव्या मनगटावर, नाडी पाहायला धरतात ना, बरोबर तिथं... तीन बोटांचे ठसे.

मावशीनं हात लावून पाहिला.

तेवढीच जागा गरम होती.

सरण रचून झालं. दिवस कलला. तरी गरम होती.