पहिला नकार

मिहान उद्योगनगरीतल्या प्रयोगशाळेत मंजिरी देवतळेने आईची चाकांची खुर्ची टेबलाशी लावली आणि तिच्या मनगटावरचा स्नायुवाचक पट्टा नीट केला. समोर प्रफुल्ल बनसोड बसला होता. परवापर्यंत तो प्रतिस्पर्धी होता, आता तिच्याच कंपनीचा पगारी माणूस.

पडद्यांचे फोन मोडीत निघाल्यावर गळ्यात घालायच्या फोनच्या दोनच प्रणाली उरल्या होत्या. मनगटाच्या स्नायूंतली बारीक हालचाल वाचायची, वापरणाऱ्याला काय म्हणायचंय ते ओळखायचं आणि त्याच्याच आवाजात बोलायचं, हे काम दोघींचं सारखंच. बनसोडने घडवलेली ‘सरळ’ हात सांगेल तेवढंच बोले. मंजिरीच्या कंपनीची ‘सोबत’ हात हलण्याआधीच उत्तर देऊन मोकळी होई. आयतं ताट समोर येत असेल तर चूल कोण पेटवतो? ‘सरळ’ला गाशा गुंडाळावा लागला.

मंजिरीला मात्र विजयाचं काही सुख नव्हतं. तिच्या आईचे, कुसुमताईंचे, स्नायू झिजत चालले होते. वाचा गेली, हात गेले, पापण्याही जड झाल्या. उजवा अंगठा तेवढा उरला. गिळता येत होतं, हे नशीब. आजाराच्या कितीतरी आधीपासून त्या ‘सोबत’ वापरत, त्यामुळे आई अजून आईसारखीच बोलते, एवढाच मंजिरीला आधार होता. पण आई वाळत चालली होती. डॉक्टर आजाराकडे बोट दाखवत. मंजिरीला ते पटत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं, म्हणून तिने बनसोडला बोलावलं होतं.

तिने डबा उघडून वरणभाताचे दोन घास भरवले. मग विचारलं, “आई, अजून देऊ?”

“नको बाई, पोट भरलं माझं,” कुसुमताईंच्या गळ्यातला फोन त्यांच्या आवाजात म्हणाला. त्यानंतर त्यांचा अंगठा थरथरला.

“पाहिलंस? उत्तर देऊन झालं की मग अंगठा हलून राहते,” मंजिरी म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, नुसता झटका आहे.”

“उत्तर आधी आलं अन् अंगठा मागून?” बनसोड पुढे सरकला.

“संकेत कमजोर असला की ‘सोबत’ त्याची वाट पाहत नाही. माणूस अशा वेळी नेहमी काय म्हणतो ते पाहून पूर्वकौल देते.”

“अन् तो चुकला तर?”

“मूठ आवळायची. कौल रद्द होते.” बोलता बोलता तिने आईच्या आता न वळणाऱ्या मुठीकडे पाहिलं.

बनसोडने विचारलं, “मावशी धडधाकट होत्या तेव्हा कोणी वाढायला आलं तर काय म्हणायच्या?”

“नकोच म्हणायची. आपल्याकडे सगळेच म्हणतात. मग वाढणारा पुन्हा आग्रह करतो, ती पुन्हा नको म्हणणार, अन् तिसऱ्यांदा...”

“तिसऱ्यांदा हो?”

“हो असं तोंडाने कोण म्हणते, प्रफुल्ल? ताटावर आडवा धरलेला हात मागे घ्यायचा, बस.”

“म्हणजे फोनने वर्षानुवर्षं फक्त नकोच ऐकलं,” बनसोड म्हणाला. “तेच तो शिकला. आता तू आग्रह केला की तेच उत्तर येते, अन् ते जुन्या नकारांत जमा होऊन पुढचा कौल आणखी पक्का करते.”

मंजिरीला रोजचे झाकलेले डबे आठवत होते. आग्रह तिनेही केला होता. मग आईला उगाच त्रास नको म्हणून सोडून दिला होता.

बनसोडने ‘सोबत’चा पट्टा काढून ‘सरळ’चा बांधला. “मावशी, हो म्हणायचं असेल तर अंगठा वर, नाही म्हणायचं असेल तर आत. वेळ लागू द्या.”

“आई, भूक आहे?” मंजिरीने विचारलं.

बराच वेळ गेला. “हो.”

“रोज उपाशी राहायचीस?”

“हो.”

मंजिरीने मग काही न विचारता घास भरवायला सुरुवात केली. कुसुमताईंनी सगळा डबा संपवला. मंजिरी रडत होती आणि डोळे पुसायला हात रिकामा नव्हता. शेवटी तिने चमचा खाली ठेवला.

“आई, रागावलीस माझ्यावर?”

अंगठ्याला या वेळी फार वेळ लागला.

“नाही.”

मंजिरीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आज भुकेने हो म्हणायला लावलं, एरवी आईने उभ्या जन्मात पहिल्या विचारण्याला हो म्हटलं नव्हतं. मंजिरी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. “खरं सांग ना. रागावलीस?”

अंगठा हलला नाही. तिने तिसऱ्यांदा विचारलं. पट्ट्यावर साधी थरथरही उमटली नाही.

“अंगठा थकला,” बनसोड हळूच म्हणाला. “आजच्यापुरतं झालं. उद्याचं काही सांगता येत नाही.”

“पण ‘सरळ’ चुकत तर नाही ना?”

“नाही,” तो म्हणाला. “मावशी ‘नाही’ म्हणाल्या. तेवढंच ‘सरळ’ला कळते.”