पाळीझोप

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. देवगड ते झांझिबार, एकट्याने होडी वल्हवत न्यायची शर्यत. त्या वर्षी सगळेच पाळीझोप घेऊन उतरले होते. पाळीझोप म्हणजे काय, तर डॉल्फिनसारखं झोपायचं. डॉल्फिनचा अर्धा मेंदू झोपतो तेव्हा उरलेला अर्धा जागा राहून पोहत असतो. तसंच हे. कानामागे छोटंसं यंत्र; दोन तास डावा मेंदू जागा, दोन तास उजवा. होडी थांबतच नाही!

हेमांगी कुबलचा त्रेचाळिसावा दिवस होता. चहूकडे पाणी, माणसाचं तोंड नाही. आपल्या पाळीत ती एकटीच बडबडायची, लाटांना शिव्या घालायची. बोलणं डाव्या मेंदूकडे असतं ना! उजव्याच्या पाळीत काय झालं ते मात्र तिला काही म्हणजे काही आठवायचं नाही. एकदा जागी झाली तर सोललेल्या उजव्या तळव्यावर चिंधी बांधलेली. गाठ डाव्या हाताची, आणि डावा हात चालवतो तो उजवा मेंदू. मग रोजच काहीतरी. बाटली भरलेली. चिक्की अर्धीच खाल्लेली, अर्धी झाकून ठेवलेली. हेमांगीही अर्धी ठेवायला लागली.

अशात यंत्र बनवणाऱ्या डॉक्टर टेंबेंचा सॅटेलाइट फोन आला.

“हेमांगी, यंत्र आजच बंद कर. मेंदूच्या दोन भागांचा एकमेकांशी संबंध तुटत चाललाय. उद्यानंतर ते जुळणार नाहीत.”

“आणि बंद केलं तर?”

“दहा तास गाढ झोपशील. नंबर जाईल, पण उठशील ती अख्खी.”

“नंबर गेला खड्ड्यात. ती कुठे जाईल?”

“ती कोण? अगं, ती तूच आहेस.”

“मग मला चिक्की कोण ठेवतं, मॅडम? मीच?”

मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, “आई येणारे ना तुला घ्यायला? तिला अर्धीच मुलगी देणार का?”

हेमांगीने यंत्राच्या बटणावर अंगठा ठेवला. दाबलं की झोप, आणि उठल्यावर होडीत कुणीच नाही. अजून अठरा दिवस.

तिने अंगठा काढला.

अरे, पहिली आली ती! धक्क्यावर आई रडत येऊन बिलगली. “आये गो” म्हणत हेमांगीने उजव्या हाताने तिला घट्ट धरलं. डावा हात मात्र मागे हवेत वल्हं चाचपत राहिला. यंत्र काढलं, तरी पाळ्या थांबल्या नाहीत. दोन तासांनी पाळी बदलली, उजवा मेंदू जागा झाला. आई जेवण भरवत होती. हेमांगीने तोंड बाजूला केलं आणि कोण ही बाई, असं तिच्याकडे बघत राहिली.

खरं सांग, तू दाबलं असतंस बटण?