शेडसमोरचा ओला डाग

"दाब! दाब! आता धरून ठेव!" जीपखालून शिवकन्या ओरडली.

"धरलंय गं! पाय दुखून राह्यला माझा!" सूरज सीटवरून कळवळला.

"मंग दुखू दे! दीपमाला, बुडबुडे थांबले का?"

चाकाला जोडलेल्या नळीचं दुसरं टोक बाटलीत होतं. दीपमालाने त्यात डोकावून पाहिलं. "थांबले! एकबी न्हाई!"

ब्रेकमधली हवा निघाली! जीपखालून एक काळंकुट्ट, हसरं तोंड बाहेर आलं.

शहागडच्या या तिघांनी दिवाळीच्या सुट्टीत दुसरं काही केलंच नव्हतं. जीप पुंजारामआबांची, कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली. आबांची मुलगी प्रियदर्शनीताई जालन्याला आयटीआयमध्ये शिकवायची. सुट्टीत घरी आल्याबरोबर तिने या तिघांच्या हातात पाने दिले. "खोला! काही बिघडलं तर मी आहे. पण खोललंत तसं परत लावायचंही तुम्हीच!"

आता फक्त इंजिन सुरू व्हायचं राहिलं होतं. ताई कार्बोरेटरचं सामान आणायला जालन्याला गेली, आणि नेमका त्याच सकाळी सूरजला शेडच्या तोंडाशी, जीपच्या चाकाजवळ, एक ओला डाग दिसला. त्याने बोट लावून चोळलं. पातळ, पिवळट, बुळबुळीत.

"ब्रेक ऑइल!"

"म्हंजे आपली जीप गळून राह्यली?" दीपमालाचा चेहरा पडला.

पुन्हा जॅक, पुन्हा चाक, पुन्हा ड्रम! आत सगळं कोरडं ठणठणीत. शिवकन्याने जीपखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला. दुपारपर्यंत त्याच्यावर थेंबसुद्धा नाही!

"जीपचं न्हाई, मंग कुणाचं?"

एवढ्यात ड्रायव्हर रामप्रसादमामा खो-खोच्या मुलींना सरावाला सोडून शाळेची व्हॅन घेऊन जेवायला घरी आले. त्यांचं घर शेडच्या समोरच. व्हॅन रोज तिथेच, शेडला लागून उभी राहायची. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा आत गेले, तसा शिवकन्याने तोच पुठ्ठा व्हॅनच्या मागच्या चाकाखाली सारला.

मामा ढेकर देत बाहेर आले, तोवर पुठ्ठ्यावर भलामोठा डाग!

"मामा, व्हॅनचं ब्रेक ऑइल गळतंय!"

"एक भंगार जीप खोलली अन् मिस्त्री झाले का रे?" मामा हसले. "पाणी असंल. ब्रेक एकदम बराबर लागून राह्यला."

"पण तेल ब्रेकशूवर गेलं तर हँडब्रेकबी धरत न्हाई! ताईनं दाखवलंय आम्हाला."

"उद्या खो-खोच्या पोरींना जालन्याला न्यायचंय. मॅच झाल्यावर बघू!"

तिघं पळत मच्छिंद्र सरांकडे गेली. खो-खोचा संघ त्यांचाच. सर मोबाइलवर बोलत होते. अर्धवट ऐकून ते म्हणाले, "गाडीचं ड्रायव्हर बघेल. तुम्हाला सुट्टी आहे ना? खेळा जा!"

"ताईला सांगू," शिवकन्या म्हणाली. "तिचं ऐकतील."

संध्याकाळी ताई आली. सामान बसलं. तिने किल्ली फिरवली. खर्र... खर्र... आणि जीप धडधडली!

सूरज तर नाचायलाच लागला! गल्लीतली माणसं गोळा झाली. आबांनी थरथरत्या बॉनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

घरी जाताना दीपमाला एकदम थांबली. "अगं, व्हॅनचं सांगायचं राह्यलं!"

"सकाळी सांगू," शिवकन्या म्हणाली. तिच्या कानात अजून इंजिनाचा आवाज घुमत होता.

सकाळी तिघं शेडवर पोचली तेव्हा खो-खोच्या अकरा मुली व्हॅनमध्ये बसून गाणी म्हणत होत्या. मामा आणि सर जेवणाचे डबे आणायला शाळेत गेले होते. व्हॅन आज गल्लीच्या वरच्या टोकाला उभी होती. तिथून शेडसमोरून सरळ उतार, आणि उताराच्या शेवटी हायवे. त्यावरून ट्रकमागून ट्रक चाललेले.

"मी ताईला बोलावते," असं म्हणून शिवकन्या वळली, तेवढ्यात सूरज किंचाळला, "व्हॅन! व्हॅन हलली!"

खरंच! ड्रायव्हर नाही, आणि व्हॅन सरकत होती. आधी गोगलगायीसारखी, मग जरा जोरात. गाणी थांबली. किंकाळ्या सुरू झाल्या.

"जीप! जीप आडवी घाला!" शिवकन्या ओरडली.

सूरजने चाकापुढचे दगड उडवले. जीपला दारं नव्हती. शिवकन्याने बाहेरूनच हँडब्रेक सोडला आणि स्टिअरिंग धरलं. "ढकला! जल्दी!" जीप शेडमधून निघाली आणि रस्त्यात आडवी झाली. शिवकन्याने हँडब्रेक पुन्हा खेचला.

"पळा!"

धडाम!

व्हॅनने जीपला फरफटत नेलं. पण जीपची चाकं फिरली नाहीत. तिघांनी लावलेला ब्रेक सुटला नाही! विजेच्या खांबाला टेकून दोन्ही गाड्या थांबल्या. हायवे अगदी पुढ्यात होता.

मुली रडत उतरल्या. कुणाचं कपाळ सुजलं होतं, कुणाचा ओठ फुटला होता. पण सगळ्या सुखरूप होत्या. जीप मात्र मधोमध वाकली होती.

आवाज ऐकून ताई धावत आली. तिने तिघांना घट्ट जवळ घेतलं. मग व्हॅनच्या चाकाखालचा ओघळ तिला दिसला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"काल दुपारी कळलं," शिवकन्या पुटपुटली.

"मग काल रात्री मी इथेच होते ना गं?"

ताईचा आवाज चढला नव्हता. तरी शिवकन्याला वर पाहता आलं नाही.

शाळेत तिघांचा सत्कार झाला. मच्छिंद्र सरांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "मुलं सांगत होती, मी ऐकलं नाही. आज यांच्यामुळे माझ्या मुली घरी आल्या!" रामप्रसादमामांनी पुढे होऊन तिघांच्या गळ्यात हार घातले. टाळ्या थांबत नव्हत्या. सूरज हसायचा प्रयत्न करत होता, पण ते जमत नव्हतं.

शेडमध्ये परतल्यावर ताईने सांगितलं, चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडाच वाकला आहे, जीप आता उभी राहायची नाही. सुट्टी संपण्याआधी तिघांनी ती पुन्हा खोलायला घेतली. या वेळी परत लावायची नव्हती. गप्पा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. नुसता पान्यांचा आवाज.

आबा जवळ येऊन बसले. "पोरांनो, असं तोंड करू नका. जीप गेली तर गेली. अकरा लेकरं वाचवली तुम्ही! मला लई अभिमान आहे तुमचा."

शिवकन्याने पाना खाली ठेवला. "आबा, रात्रीच सांगितलं असतं तर पोरीबी वाचल्या असत्या, अन् जीपबी."

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ते 'न्हाई' म्हणाले नाहीत.