बावीस सेकंद

नाशिकच्या बालक्रीडा प्रयोगशाळेत पडद्यावर चाळीस अंगणवाड्यांचे आकडे होते. एकोणचाळीस आकडे तीन ते सहाच्या दरम्यान. चाळिसावा बावीस.

"रुमाबाई वळवी, धडगावजवळचा पाडा," तंत्रज्ञ फिरोज म्हणाला. "केंद्र यादीतून काढावं लागणार."

रुमाबाई समोरच बसल्या होत्या. "बावीस काय, साहेब? वय असेल तर दुप्पट करा."

प्रयोगशाळेची प्रमुख डॉ. मृण्मयी केळुसकर हसली. "ताई, अंगणवाडीत दिलेली ही पडद्याची खेळपाटी मुलांशी खेळते, पण मदत कधी करायची हे आम्ही तिला सांगत नाही. पहिले दहा दिवस ती मुलांच्या सर्वांत जवळ बसलेल्या मोठ्या माणसाकडे बघते. मूल अडलं की ते माणूस जेवढं थांबतं, तेवढंच पुढे पाटीही थांबते; तुमची बावीस सेकंद. म्हणून आधी तुम्हा सेविकांचं प्रशिक्षण. घाईच्या बाईची पाटी मुलाला विचारच करू देत नाही."

"आणि फार थांबणाऱ्या बाईची पाटी मुलाला वाऱ्यावर सोडते," फिरोज म्हणाला. "मर्यादा सहा सेकंद. या पाटीनं शिकलेलं सगळं पुसायचं आणि ती परत घ्यायची."

रुमाबाईंचा चेहरा उतरला. "तपासायला आणली तेव्हापासून पोरं रोज विचारतात, पाटी कधी येणार."

"आधी मुलं तिच्याशी कशी खेळत होती ते बघू," मृण्मयी म्हणाली.

चित्रफितीत पाच वर्षांची सायजी पाटीवर पूल बांधत होती. पूल कोसळला. पाटी गप्प. सायजीनं दोनदा बोट आपटलं, गाल फुगवले, मग पाठ फिरवली. दारातल्या चपला ओढून तिनं मैत्रिणीबरोबर जमिनीवर पूल रचायला घेतला.

"सोडला ना खेळ!"

"खेळ नाही सोडला, फिरोज. पाटी सोडली."

त्यांनी बाकीच्या केंद्रांच्या चित्रफिती लावल्या. तिथं पाटी लगेच मदतीला धावे आणि मुलं पाऊण पाऊण तास मान वर करत नसत. पाड्यावरची मुलं दहा मिनिटांत उठत, आपसात भांडत, हसत, आणि काही सुचलं की आपणहून पाटीकडे परतत. फिरोजनं चष्मा काढून पुसला.

"पण मॅडम, मी कुठं एवढी गप्प बसते?" रुमाबाई म्हणाल्या. "पोरगं अडायच्या आधीच माझं तोंड सुरू."

फिरोजनं पहिल्या दहा दिवसांचं चित्रण उघडलं. रुमाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. मुलांलगतच्या चटईवर निरीक्षणाला गेलेली मृण्मयी बसली होती, हात मांडीत घेऊन. मूल अडलं तरी ती नुसती बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं एक तुकडा त्याच्या हाताजवळ सरकवला.

"तुम्ही पुढं कशा?" फिरोजनं विचारलं.

"पाहुण्याला दाराशी बसवायचं का?" रुमाबाई फणकारल्या. मग मृण्मयीकडे वळल्या. "एवढं थांबायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आई अशी बसायची. मला वाटायचं, तिचं माझ्याकडे लक्षच नाही." मृण्मयी पडद्याकडेच बघत होती. "सहा आठवड्यांपूर्वी गेली."

फिरोजनं चित्रण थांबवलं.

"मॅडम, सहाचा नियम..." तो हळूच म्हणाला.

"मीच केला होता. खोडून टाक."

रुमाबाईंनी टेबलावरची पाटी उचलून पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली. "आता हिच्याशेजारी मी बसते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईसारखं बसता येतं का, बघते."